विंडोज ११ आणि आपली जुनी मशिनं : अनुभव धागा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. तेव्हापासून माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर रोज एकच प्रश्न येतोय : "आता हा कॉम्प्युटर भंगारात घालायचा का?" मी साताऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. शाळांचे, पतसंस्थांचे, घरगुती, सगळे हाताखालून जातात. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला, पण त्यावरचा वाद आपल्याकडे घराघरांत पोचला तो ही मुदत संपल्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचाच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) लागतं, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. त्याच्या जोडीला प्रोसेसरची यादी आली. एखाददुसरा अपवाद सोडला तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा नसेल तर मशिन बाद. ही आठवी पिढी बाजारात आली तीच मुळी २०१७ मध्ये. म्हणजे त्या वर्षी दिवाळीत हौसेने सातव्या पिढीचा आय-५ घेणारा माणूस यादीबाहेर. एसएसडी (वेगवान डिस्क) घातली तर ते मशिन आजही मस्त पळतं.

माझं मत आधीच सांगतो. टीपीएमचा उपयोग खरा आहे. डिस्कला कुलूप घालायची किल्ली ते बाकी कॉम्प्युटरपासून वेगळी सांभाळतं. पण धडधाकट मशिन बाद करायचं की नाही, हे ज्याने पैसे मोजले त्याने ठरवायला हवं होतं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने जाहीर कार्यक्रमात विंडोज १० ला 'शेवटचं विंडोज' म्हटलं होतं. लोकांनी तो शब्द मनावर घेतला, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

तुम्ही काय केलंत ते लिहा. विंडोज ११ आवडलं असेल तर तेही आवर्जून लिहा. नाव नको, गाव आणि काम सांगा, म्हणजे बाकीच्यांना अंदाज येईल.

दूध संस्थेचा सचिव, करवीर तालुका

आमच्या संस्थेचं सगळं काम अजून फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालतं, तेही विंडोजच्या आधीच्या डॉसमधल्या. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) भरायचं, दहा दिवसांनी बिल काढायचं आणि डॉट मॅट्रिक्सवर छापून सभासदाच्या हातात द्यायचं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. एफ-दोन दाबलं की नवीन नोंद, एस्केप दाबलं की मागे. माउसला हात लावायची गरज पडत नाही. डेअरीत पोरगं कॅनमधलं दूध मोजत असतं, आकडा ओरडतं, आणि दुसऱ्याने ओरडायच्या आत इकडे नोंद झालेली असते.

हे सगळं ३२ बिटच्या विंडोज १० वर बिनबोभाट चालायचं. विंडोज ११ मध्ये ३२ बिटची आवृत्तीच नाही, आणि ६४ बिटवर डॉसचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत, हे आम्हाला नवीन मशिन आल्यावर कळलं. प्रोग्रॅम लिहून देणारे गृहस्थ कधीच निवृत्त झालेत. नवीन सॉफ्टवेअरवाला आला, त्याने दरवर्षीचं भाडं सांगितलं. लिटरमागे मिळणाऱ्या कमिशनवर चालणारी आमची संस्था, कुठून द्यायचं?

शेवटी एका सभासदाच्या पोराने विडॉस नावाचा छोटा प्रोग्रॅम टाकून त्यात आमचं फॉक्सप्रो चालवून दाखवलं. छपाईही जुळली. पण बिलाच्या आदल्या रात्री संचालक मंडळ संस्थेत येऊन बसलं होतं, हे कुणाला सांगून पटणार नाही. गावाच्या दुधाचा पैसा आहे हा. मशिन बदलताना आत काय चालतंय याचा विचार कुणीतरी करायला पाहिजे.

धागाकर्ता

सचिव साहेब, त्या फोल्डरमधल्या डीबीएफ (फॉक्सप्रोच्या नोंदींच्या) फायली रोज पेन ड्राइव्हवर घेत चला. लिब्रे ऑफिस या मोफत सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये त्या थेट उघडतात. उद्या काही झालं तरी सभासदाचा हिशोब हातात राहील.

डीटीपी, पुणे

माझं दुखणं लहान वाटेल, पण दिवसभर तेच समोर असतं. मी पुस्तकं आणि दिवाळी अंक लावते. माझा टास्कबार कायम स्क्रीनच्या डाव्या बाजूला उभा असायचा. आजचे मॉनिटर आडवे आणि पान उभं. बार खाली असला की तो पानाच्या उंचीतून जागा खातो. डावीकडे घेतला की पूर्ण पान एका नजरेत येतं, तळाच्या पृष्ठ क्रमांकासकट. विंडोज ९५ पासून ही मुभा होती. ११ आलं तेव्हा ती काढून टाकली. बार खालीच. चिन्हं मधोमध होती ती सेटिंगमधून डावीकडे नेता येतात, पण बार काही हलवता येईना.

दुसरं म्हणजे एका सॉफ्टवेअरच्या सगळ्या फायली एकाच चिन्हाखाली गोळा. ऑक्टोबरात माझ्याकडे एका वेळी कथा विभाग, कविता, जाहिराती, अनुक्रमणिका सगळं उघडं असतं. कुठली फाइल कुठली, हे प्रत्येक वेळी चिन्हावर जाऊन शोधायचं. फायलींची नावं सुटी दिसायची सोय २०२३ मध्ये परत दिली. लोकांनी आरडाओरडा केला म्हणूनच दिली, असं मला ठाम वाटतं. म्हणून माझं सांगणं आहे, बोलत राहा. फीडबॅक हब नावाचं अ‍ॅप असतं, त्यात लिहा.

माउसच्या उजव्या बटणाचा जुना लांब मेनू हवा असेल तर शिफ्ट धरून उजवं बटण दाबा. दोन टिचक्यांचं काम एका टिचकीत होतं.

निवृत्त शिक्षक, चिपळूण

मला विंडोज ११ मनापासून आवडलं आहे. मुलाने नवीन लॅपटॉप पाठवला. मी आमच्या गावाच्या जुन्या कागदपत्रांवरून टिपणं करतो आहे. एका बाजूला स्कॅन केलेला कागद आणि दुसऱ्या बाजूला माझं लेखन, असा पडदा विभागायला विंडोजचं बटण आणि झेड दाबलं की चौकटी समोर येतात, त्यातली हवी ती निवडायची. पूर्वी खिडक्या ओढत बसावं लागे. मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे (तो विंडोज १० मध्येही २०१९ पासून होता), वेगळं काही उतरवून घ्यावं लागलं नाही. नोटपॅडमध्ये आता टॅब आहेत, आणि जतन न करता बंद केलं तरी लिहिलेलं पुन्हा उघडल्यावर तिथेच असतं. माझ्या वयाच्या माणसाला याचं मोल फार आहे. अक्षरं मोठी करून घेतली की डोळ्यांनाही त्रास नाही.

वर्डपॅड मात्र काढून टाकलं, २४एच२ या आवृत्तीत. त्याचं वाईट वाटलं. माझे कितीतरी विद्यार्थी त्यावर पहिलं पत्र लिहायला शिकले.

कस्टमचं काम, उरण

जुनं मशिन, अपडेट बंद, "काही होत नाही हो" असं म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने जगभरच्या जहाज वाहतुकीला तडाखा दिला तेव्हा इथल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं. मी तेव्हा इथेच होतो. कंटेनर कुठला, कुठे ठेवलाय, कुणाचा, हे सांगणारी यंत्रणाच आंधळी झाली की हातात कागद असूनही काही करता येत नाही. ट्रेलर उभे, ड्रायव्हर गाडीखाली सावलीला, पार्टीचे फोन सुरू.

त्या व्हायरसने ज्या फटी वापरल्या त्यातल्या एकीवरचं ठिगळ, म्हणजे सुरक्षा अपडेट, मार्च २०१७ मध्येच आलेलं होतं. नुसतं ठिगळ लावून सगळे वाचले असते असं नाही, तो पासवर्ड चोरूनही पसरत होता. तरी ज्याच्यावर यापुढे ठिगळं येणारच नाहीत ते मशिन ऑफिसच्या नेटवर्कला जोडून ठेवायला माझं मन धजत नाही. आमच्याकडे जुनी मशिनं बदलली. खर्च झाला, पण मला तो योग्य वाटतो.

आयटी सपोर्ट, हिंजवडी

धागाकर्ते दादा, तुमच्या मताशी मी सहमत नाही. "ज्याचे पैसे त्याचा निर्णय" म्हटलं की बहुतेक लोक काहीच करत नाहीत. लॅपटॉप रिक्षात राहतो, आतली डिस्क काढून दुसऱ्याला जोडली की सगळे फोटो, आधार, बँकेची कागदपत्रं उघडी. टीपीएम सक्तीचं केल्यामुळे डिस्कचं कुलूप सामान्य माणसापर्यंत आपोआप पोचलं. हे मी रोज बघतो.

आणखी एक. बरीच मशिनं यादीत असूनही 'चालणार नाही' असं दाखवतात, कारण टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने ते सापडेल. चालू करा आणि पुन्हा तपासा. नवीन मशिन घेण्याआधी एवढं नक्की करा. रूफस नावाचा प्रोग्रॅम वापरून अट चुकवता येते, पण अशा मशिनला पुढची अपडेटं मिळतीलच याची हमी नाही.

धागाकर्ता

कुलपाचा मुद्दा मान्य. पण प्रोसेसरच्या यादीचं काय? टीपीएम २.० असलेली सहाव्या-सातव्या पिढीची मशिनंही बाहेर राहिली. कुलूप आहे, किल्ली आहे, तरी घर बाद. हे मला अजून पटलेलं नाही.

गृहिणी, नाशिकरोड

या कुलपाबद्दलच लिहायचं होतं. मुलीच्या बारावीसाठी एका दुकानातून लॅपटॉप घेतला. दुकानदाराने "सगळं सेट करून देतो" म्हणत सुरू करून दिला. काही महिन्यांनी त्याच दुकानात बायोस अपडेट केलं, आणि घरी येऊन चालू केला तर निळा पडदा : रिकव्हरी की टाका. अठ्ठेचाळीस आकडी किल्ली! आम्ही कधी कुलूप लावलंच नव्हतं. मुलीच्या नोट्स, प्रोजेक्ट, सगळं आत.

शोधत गेल्यावर उलगडा झाला. लॅपटॉप सेट करताना दुकानदाराने त्याचं स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं घातलं होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत खात्याने साइन इन केलं की होम आवृत्तीतही डिस्कचं कुलूप आपोआप लागू शकतं, आणि किल्ली त्या खात्यात जाते. म्हणजे आमच्या घराची किल्ली दुकानदाराच्या खिशात. नशीब तो भला माणूस. त्याने खातं उघडलं, आकडे फोनवर एकेक करून वाचले आणि मुलीने ते टाकले. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तिचा हात थरथरत होता.

सगळ्या आयांना सांगते, लॅपटॉप दुकानात सुरू करून घेऊ नका. घरी आणा, स्वतःचं खातं घाला, ती किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

वकील, नागपूर

मला काळजी आहे रिकॉलची. मे २०२४ मध्ये त्याची घोषणा झाली : कॉम्प्युटर दर थोड्या सेकंदांनी पडद्याचं चित्र टिपून ठेवणार, म्हणजे नंतर शोधता येईल. माझ्या पडद्यावर पक्षकारांची कागदपत्रं असतात. घटस्फोटाची, पोक्सोची. त्यांची चित्रं कुठेही साठणं मला चालणार नाही. टीका झाल्यावर वापरणाऱ्याने स्वतः चालू केलं तरच सुरू होईल असं केलं आणि मग ते पुढेही ढकललं. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपने तर विंडोजवर आपल्या खिडकीचं चित्रच टिपता येऊ नये अशी सोय २०२५ मध्ये केली. ही गोष्ट पहिल्याच दिवशी 'बंद' ठेवायला हवी होती.

धागाकर्ता

रिकॉल फक्त 'कोपायलट प्लस' म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या मशिनवर असतं, वकीलसाहेब. साध्या मशिनवाल्यांनी घाबरू नये. तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर.

एनव्हीडीए वापरणारा, मिरज

मला दिसत नाही, मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करतो. आमच्यासाठी कळांची जागा हीच वाट असते. विंडोज आणि ए दाबलं की पूर्वी सूचना यायच्या. आता तिथे वायफाय, आवाज वगैरे येतं, आणि सूचनांसाठी एन. सवय झाली आता, पण बदल करणाऱ्यांनी आम्हालाही धरून विचार करावा. एनव्हीडीए ११ वर छान चालतं, मराठीही वाचतं.

नोकरी, हॅम्बुर्ग

इथे जर्मनीत रिपेअर कॅफे असतात. शनिवारी लोक मिक्सर, सायकल, रेडिओ घेऊन येतात आणि जाणकार फुकट दुरुस्त करायला मदत करतात. २०२५ मध्ये लिनक्ससाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केडीईच्या मंडळींनी 'एंड ऑफ टेन' मोहीम सुरू केली, आणि अशा कॅफेंमध्ये जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून द्यायला लागले. मीही जातो मदतीला. बाजूच्या श्लेसविग-होल्श्टाइन राज्याने तर आपली ३०,००० सरकारी मशिनं लिब्रे ऑफिस आणि लिनक्सकडे न्यायचं ठरवलंय.

भारतातल्यांसाठी कामाची माहिती : विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटं घेता येतात. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर ३० डॉलरच्या आसपास. युरोपात ग्राहक संघटनांनी रेटा लावला, म्हणून इथे बॅकअपची अट न घालता मोफत मिळतं. भारतातल्या माणसाला वेगळा नियम का, याचा मला राग येतो.

झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, फोंडा

लिनक्स मिंट टाकलं. प्रिंटर लगेच ओळखला, मशिन हलकं झालं. पण अंगठ्याच्या मशिनचा ड्रायव्हर विंडोजचाच, म्हणून एक विंडोज ठेवावंच लागलं.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका, माण तालुका

आमच्या शाळेला एका ऑफिसची 'बाद' मशिनं मिळाली. मिंट टाकलं आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर पोरं मराठी टाइप करायला लागली. चौथीतली एक मुलगी रोज शाळा सुटल्यावर आजीच्या ओव्या टाइप करते. अजून मशिनं कुणी देणार असेल तर आम्ही घेऊ. देण्याआधी काय बघायचं ते दादा सांगतील का?

धागाकर्ता

सांगतो ताई. देणाऱ्यांनी हार्ड डिस्क पूर्ण पुसून द्या, नुसती डिलीट करून नको. रॅम ४ जीबीच्या खाली असेल तर तेवढी वाढवून द्या. बायोसला पासवर्ड असेल तर काढा. पॉवर केबल आणि मॉनिटरची केबल मशिनलाच बांधून द्या, हमखास ती राहते आणि माणपर्यंत परत कुणी घेऊन जात नाही. साताऱ्यात आणून पोचवलंत तर मिंट टाकायचं काम माझ्याकडे, पैसे नकोत.