मदत हवी आहे: २० महिन्यांच्या मुलीसाठी सायकलला कोणती बेबी सीट लावावी? (कोल्हापूर)

टाकाळ्याची_सायकल
मुलगी २० महिन्यांची, वजन ११ किलो. घर टाकाळ्याच्या बाजूला, पाळणाघर मंगळवार पेठेत. जाताना उतार, येताना चढ, मधल्या गतिरोधकांची तर मोजदादच नाही. घरात दोन सायकली आहेत. एक २६ इंची लेडीज: लोखंडी फ्रेम, ७ गिअर, व्ही-ब्रेक, मागे साधं कॅरिअर. दुसरी जुनी काळी दांडीची, रॉड ब्रेकवाली. दुकानात तीन प्रकार दाखवतात: पुढे दांडीवर किंवा हँडलजवळ बसणारी, कॅरिअरवर बसणारी आणि फ्रेमला क्लँप होऊन मागे दोन सळ्यांवर राहणारी. तिसरी बरीच महाग आहे. पैशाइतका फरक पडतो का? आणि कुठल्या सायकलला लावू?

चेनकव्हर
काळी सायकल आधी बाजूला ठेवा. कोरड्यात रॉड ब्रेक चालून जातो, पण पावसात स्टीलच्या ओल्या रिमवर रबर नुसतं घसरतं. मागे ११ किलोची मुलगी आणि चार-पाच किलोची सीट असताना टाकाळ्यावरून खाली यायचं म्हणजे भलतंच. शिवाय दांडीच्या सायकलवर मागे सीट बसली की नेहमीसारखा पाय मागून टाकता येत नाही, मुलीच्या तोंडावर लाथ बसेल. पुढून दांडीवरून पाय काढताना सायकल हमखास कलंडते. लेडीज फ्रेम या कामाला सगळ्यात चांगली.

आता सीट. सळ्यांवरची घ्या. त्या दोन सळ्या लवतात, म्हणजे गतिरोधकाचा दणका तिथेच थोडा जिरतो. कॅरिअरवर घट्ट बसवलेल्या सीटमध्ये तोच दणका सरळ बाळाच्या मणक्यात जातो. आपल्याकडचे रस्ते बघता पैसे तिथेच वसूल होतात.

रंकाळा_चक्कर
पुढच्या सीटला सरसकट नाही म्हणू नका. मूल डोळ्यांसमोर राहतं, बोलता येतं, वजन दोन चाकांच्या मध्ये येतं म्हणून चढावर पुढचं चाक हलकं पडत नाही. फक्त बहुतेक पुढच्या सीटची मर्यादा १५ किलो असते. ११ किलोची मुलगी ती लवकरच गाठेल. मागच्या सीटवर २२ किलोपर्यंत चालतं.

चेनकव्हर
बरोबर, आणि पुढे सीट असली की गुडघेही बाहेर फाकवून पायडल मारावं लागतं. दोन-अडीच किलोमीटर चढावर ते करून बघा, मग बोलू.

उद्यमनगर_फिटर
बाजारात ती लोखंडी पट्ट्यांची, वर रेक्झिनची गादी असलेली बेबी सीट मिळते, ती घेऊ नका. तिला खांद्याचा पट्टा नसतो, पाठ कमरेइतकीच आणि पाय मोकळे लोंबतात. चालत्या चाकात पाऊल गेलं की स्पोक आणि फ्रेमच्या मध्ये टाच सापडते. लहान मुलांच्या सायकल अपघातांतली ही नेहमीची जखम आहे. सीटला दोन्ही बाजूंनी पाय झाकणारी भिंत, पावलावरून पट्टा आणि खांद्यावरून येणारा पट्टा, एवढं असल्याशिवाय दुकानातून उचलू नका.

कॅरिअरवरचीच घ्यायची झाली तर आधी कॅरिअरवर किती किलो कोरलंय ते बघा. २५ किंवा २७ लिहिलेलं हवं. साध्या लेडीज सायकलच्या कॅरिअरवर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं, पातळ पट्टीचे पाय मागच्या अॅक्सलच्या नटाखाली दाबलेले असतात. डबा-दप्तर ठीक. मूल बसवलं की वळणावर ते कॅरिअर शेपटीसारखं डुलतं आणि पट्टी भोकापाशी तुटते. उद्यमनगरात जाड सळीचं कॅरिअर कुणीही बनवून देईल, पण फ्रेमला वेल्डिंग करून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारची नळी कमकुवत होते, अॅल्युमिनियमची असेल तर फारच.

टाकाळ्याची_सायकल
म्हणजे लेडीज सायकल आणि सळ्यांची सीट. पण ती बसेल की नाही हे घेण्याआधी कसं कळणार? मागवल्यावर परत करायचा व्याप नको.

उद्यमनगर_फिटर
शिवणकामाचा टेप घ्या. तुमच्या बसायच्या गादीखाली फ्रेमची उभी नळी येते, तिचा घेर मोजा. सीटपोस्टचा (गादीचा आत सरकणारा दांडा) नव्हे, क्लँप फ्रेमवरच बसला पाहिजे. बहुतेक क्लँप २८ ते ४० मिमी व्यासाच्या गोल नळीला बसतात, म्हणजे घेर ८.८ ते १२.५ सेंमी. नळी चपटी असेल तर तो विषय तिथेच संपला. क्लँपला सरळ मोकळी नळी साधारण १० सेंमी लागते. लेडीज फ्रेममध्ये आडव्या नळ्यांचे जोड मध्ये येतात, तिथेच अडतं. नळी बारीक निघाली तर जुनी ट्यूब गुंडाळून क्लँप आवळायची आयडिया काढू नका. रबर दबत जातं, क्लँप फिरतो आणि वळणावर अख्खी सीट एका बाजूला जाते.

टाकाळ्याची_सायकल
मोजलं. घेर ९ सेंमी, गोल. वरच्या जोडापासून सीटपोस्टच्या बोल्टपर्यंत १३ सेंमी मोकळी. पण मागच्या ब्रेकची केबल त्याच नळीवरून खाली जाते.

उद्यमनगर_फिटर
९ म्हणजे साडेअठ्ठावीस मिमीच्या आसपास, बसेल. केबलचं मात्र आधी बघा. क्लँपखाली उघडी केबल चेपली की ब्रेक दाबल्यावर सुटत नाही, पॅड रिमला घासत राहतो. काही क्लँपना केबलसाठी आत खाच असते, तसा घ्या. नसेल तर सलग आउटर (केबलवरचं बाहेरचं आवरण) टाकून केबल दुसऱ्या बाजूने फिरवून घ्या, मेकॅनिकचं थोडंसंच काम आहे.

हे कॅरिअर काढून टाका, नाहीतर सळ्या लवल्या की सीटचा तळ त्याच्यावर आपटेल. सळ्या आत सरकवताना दोन गोष्टी बघा: सळीवरच्या 'किमान' खुणेपर्यंत ती आत गेली पाहिजे, आणि सीटच्या बाजूला वजनाच्या मध्याची खूण असते ती मागच्या अॅक्सलच्या मागे १० सेंमीपेक्षा जास्त जाता कामा नये. त्याहून मागे गेली की चढावर हँडल हलकं होतं. सीटबरोबर एक सुटा सुरक्षापट्टाही येतो, तो फ्रेमभोवती घालायचा असतो. क्लँप सुटलाच तर सीट त्या पट्ट्यावर राहते. बरेच जण तो खोक्यातच ठेवतात. पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नवीन क्लँप थोडा सैल पडतोच.

रंकाळा_चक्कर
तुमच्या गादीखाली स्प्रिंग आहेत का? लेडीज सायकलला बहुधा असतात. मुलीची बोटं बरोबर तिथेच पोचतात आणि तुम्ही टेकलात की चिमटतात. स्प्रिंगला कव्हर घाला किंवा बिनस्प्रिंगची गादी टाका. मागच्या चाकाला जाळी लावलीत तर उत्तम. ओढणी मात्र गाठ मारून पुढे. सीटच्या भिंतींनी मुलीचा पाय वाचतो, तुमची ओढणी नाही.

चेनकव्हर
हेल्मेटचं कुणी बोललं नाही. भुवईच्या वर एक-दोन सेंमीवरून डोक्याचा घेर मोजा, या वयात बहुधा ४६ ते ५० च्या दरम्यान येतो. मागून सपाट असलेलं घ्या. मागे टोक असलेलं हेल्मेट सीटच्या पाठीला अडतं, डोकं पुढे ढकललं जातं आणि हनुवटी छातीला लागते. झोप लागल्यावर तर जास्तच. आतल्या लेबलवर ईएन १०७८ (हेल्मेटचं युरोपीय मानक) लिहिलेलं बघा. खांद्याचे पट्टे मुलीच्या खांद्याच्या उंचीच्या खाचेतून काढा, खाली एक बोट जाईल इतकेच सैल. दोन बोटं गेली तर ती हात बाहेर काढून बसणारच, पोरं हुशार असतात.

टाकाळ्याची_सायकल
स्टँड? सध्या साइड स्टँड आहे.

चेनकव्हर
मध्ये बसणारा दोन पायांचा स्टँड टाका, साइड स्टँडवर भरलेली सीट सायकलला उलथवते. तरीही स्टँडवर मुलीला बसवून हात सोडायचा नाही, दाराला कुलूप लावायलासुद्धा नाही. आधी पिशव्या अडकवा, मग मुलगी. उतरवताना आधी मुलगी. जड पिशवी मागे नको, पुढच्या बास्केटमध्ये, तेवढंच पुढच्या चाकावर वजन येतं.

मुलीला बसवायच्या आधी सीटमध्ये १० किलो तांदळाचं पोतं पट्ट्याने बांधून पूर्ण रस्ता एकदा मारा. आजरा घनसाळच पाहिजे असं नाही. चढाला गिअर कितीचा लागतो, वळताना सायकल किती ओढते, मागचा ब्रेक किती आधी धरावा लागतो, हे तिथे कळतं. मागच्या टायरमध्ये हवा थोडी वाढवा, टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. पावसाळ्यात उताराच्या तोंडाशी ब्रेक हलका धरून रिम पुसून घ्या, मगच वेग घ्या. रेनकोटची झूल सीटच्या खाली लोंबू देऊ नका.

टाकाळ्याची_सायकल
केबलची खाच असलेला क्लँप मिळतोय. स्टँड आणि मागची जाळी आधी बसवून घेते, तांदूळ घरात आहेच.