विषय: जूनच्या सुट्टीत सूचौ-हांगचौ, पाऊस असला तरी जावं का?

मृणाल:
नमस्कार मंडळी,
जूनच्या सुट्टीत शांघाय, सूचौ, हांगचौ असा बेत ठरलाय. बरोबर दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. ॲपवर रोज पाऊसच दिसतोय. तिकिटं रद्द करू का? कोणी या दिवसांत गेलं असेल तर कळवा.

सुहास:
मृणाल, रद्द बिद्द काही करू नकोस, फक्त ठिकाणं बदल. यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत ‘मेइयू’चा पाऊस असतोच. रिपरिप जास्त, मधूनच झोडपून काढतो. हवा दमट, धुतलेले मोजे वाळत नाहीत.

शांघाय टॉवरचं तिकीट आगाऊ काढू नकोस. ६३२ मीटरची इमारत, वर ढग उतरले की काचेपलीकडे नुसता पांढरा पडदा. त्यापेक्षा मुक्काम जुन्या गावांत वाढव. ती पाऊस गृहीत धरूनच बांधलीत. शीथांगला कालव्याच्या कडेने दुकानांपुढे सलग कौलारू छप्पर आहे, छत्री न उघडता गाव फिरता येतं. सूचौच्या चोचंग युआन बागेत तर पाऊस ऐकायला वेगळी बैठक केली आहे, बाहेर मुद्दाम केळी लावल्यात. बागेचं बुकिंग पासपोर्टवर आधीच करून ठेव.

आणि जमलं तर होंगत्सुन हे जुनं गाव. हांगचौहून ह्वांगशान शहराला २०१८ पासून हायस्पीड गाडी जाते, पुढे बस. तिथली जुनी घरं आपल्या वाड्याच्या चौकासारखी, पण चौक अगदी चिंचोळा. चारही छपरं आत उतरतात, पाणी घरातच पडतं, म्हणजे लक्ष्मी बाहेर जात नाही असा समज. आम्ही गेलो तेव्हा कौलांवरून चारी बाजूंनी धारा लागल्या होत्या, खाली दगडी कुंडात मासे, आणि शेजारी एक आजी स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. तिकीट काढून आलेल्या आम्हा लोकांकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

विद्याताई:
सुहासला फोटो दिसतात, मला गुडघे दिसतात. मृणाल, या गावांतले कमानी पूल म्हणजे चढ-उतार पायऱ्या, त्याही शतकानुशतकं झिजलेल्या. ओल्या झाल्या की सपाट तळव्याची चप्पल सर्रकन जाते. सासूबाईंना खाचांचे रबरी बूट घे आणि असं कालव्यांचं गाव एकच कर. दुसऱ्या गावात तेच कंदील, तीच पोर्कची दुकानं.

होंगत्सुनला माझी ना नाही, पण ह्वांगशान डोंगराचा नाद सोड. धुकं कधी हटेल सांगता येत नाही आणि पायऱ्या संपत नाहीत.

हांगचौला मात्र दोन दिवस दे. शी हू तलावातला बांध सु तुंग-पो या कवीनं १०९० च्या सुमारास तलावाचाच गाळ उपसून घातला. पावणेतीन किलोमीटरचा रस्ता, दोन्हीकडे विलो. उन्हात तलाव छान आणि पावसात धूसर डोंगर त्याहून न्यारे, हे त्याच्याच कवितेत आहे. जोराचा वारा सुटला तर होड्या बंद करतात, म्हणून होडी पहिल्याच दिवशी उरकून घे.

शाकाहारी असाल तर देवळांजवळची भोजनालयं शोधा. इतरत्र भाजीतही डुकराची चरबी असू शकते, विचारल्याशिवाय घेऊ नका.

मृणाल:
सुहास, विद्याताई, आभार! शांघायचा एक दिवस कापला, शीथांग ठेवलं, डोंगर सोडला. सासूबाई म्हणतात चौकातला पाऊस बघायचाच, त्यामुळे होंगत्सुनला एक रात्र.

एकच शंका. गाडीचं तिकीट पासपोर्टच्या नंबरावर असतं ना? त्यांचा पासपोर्ट नवा आलाय आणि बुकिंग जुन्यावर झालंय. तिकीट बदलून घ्यावं की रद्द करून नव्याने काढावं? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय.