राहायची जागा बदलली म्हणून पगार कापणं रास्त आहे का?

घरूनकाम: आमची कंपनी पूर्ण रिमोट आहे. आईवडिलांजवळ राहायला जायचं ठरवलं आणि एचआरला नवा पत्ता कळवला. उत्तर आलं, नव्या झोनप्रमाणे (कंपनीने पगारासाठी पाडलेल्या भागाप्रमाणे) पगार १५ टक्के कमी होईल, कारण 'तिथे राहणीमान स्वस्त'. काम तेच, टीम तीच, रात्रीचे कॉलही तेच. माझा खर्च किती हे यांनी कधी विचारलं? काय बोलू यांच्याशी?

जुनाखेळाडू: नवीन काही नाही. फेसबुकने २०२० मध्येच सांगितलं होतं, पत्ता बदलला की पगार बदलणार. रेडिटने त्याच वर्षी अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी हा भेद काढून टाकला. म्हणजे ज्याची त्याची मर्जी.

तक्तेवाली: मी पगाराचे बँड, म्हणजे कुठल्या पदाला किती ते किती पगार, हे ठरवणाऱ्या टीममध्ये आहे. 'राहणीमान' फक्त मेलमध्ये लिहायला असतं. आमच्या शीटमध्ये पद, लेव्हल आणि पुढे राहायच्या भागाचा एक गुणक असतो, ०.८५ वगैरे; मूळ पगाराला त्याने गुणायचं. तो घरभाड्यावरून काढत नाहीत. त्या भागात तुमच्यासारख्या माणसाला बाकीच्या कंपन्या काय देतात, त्यावरून ठरतो. गिटलॅब या पूर्ण रिमोट सॉफ्टवेअर कंपनीने तर हे आपल्या हँडबुकातच लिहून ठेवलंय. खर्चच बघायचा असता तर तीन पोरं असलेल्याला जास्त नसता का दिला?

तेव्हा खर्चावरून भांडू नका, तिथे हातात काही लागणार नाही. उद्या तुम्ही सोडून गेलात तर जागा कुठून भरणार, हे विचारा. कुठूनही भरणार असतील तर बाजारभाव तेवढा तुमच्या पत्त्याचा का लावताय? आणि महागड्या शहरात गेलेल्याचा पगार त्याच महिन्यात वाढतो का, तेही विचारा. बहुतेक 'पुढच्या अप्रेझलला बघू' असं ऐकायला मिळेल. कपात मात्र लगेच! शिवाय पुढची प्रत्येक टक्केवारीची वाढ त्या कापलेल्या आकड्यावर बसणार, म्हणजे १५ टक्क्यांचा फटका दरवर्षी सोबत येतो. धोरण लेखी मागा.

सडेतोड: तुमच्याच टीममध्ये स्वस्त भागातून काम करणारे पहिल्यापासून कमी घेत असतील. तेव्हा कुणाला अन्याय दिसला नाही?

तक्तेवाली: @सडेतोड, बरोबर बोललात, आणि कंपनीला खरी धास्ती त्याचीच असते. एकाची कपात मागे घेतली की बाकीचेही आपापला गुणक विचारायला येतात. @घरूनकाम, म्हणून एकट्याने जाऊ नका. त्या सहकाऱ्यांना बरोबर घ्या आणि पदाला एकच दर मागा.