फार्मसी कायद्याचा पेपर: आधी मूळ नियम की आधी प्रश्नसंच?

खलबत्ता
डी.फार्मच्या (फार्मसी डिप्लोमाच्या) एक्झिट परीक्षेत (डीपीईई) तिसरा पेपर कायदा आणि ड्रग स्टोअर मॅनेजमेंटचा. तिन्ही पेपरांत प्रत्येकी किमान ५० टक्के हवेत, तेही एकाच प्रयत्नात. म्हणजे फार्माकॉलॉजीत ऐंशी पडले म्हणून कायद्यातली कसर भरून निघत नाही. तरी बहुतेक जण कायदा शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलतात आणि बाजारातला प्रश्नसंच घोकतात.

माझं म्हणणं सरळ आहे. आधी मूळ कायदा आणि नियम वाचा, तेही इंग्रजीत, कारण प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. प्रश्नसंच नंतर. का, ते एका उदाहरणावरून बघा. ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्ट, १९४० ची कलमं १७, १७ए आणि १७बी, म्हणजे मिसब्रँडेड, अडल्टरेटेड आणि स्प्यूरिअस. गाइडमध्ये तिन्हींची एकेक ओळ असते: लेबल खोटं ते मिसब्रँडेड, भेसळ ती अडल्टरेटेड, नक्कल ती स्प्यूरिअस. आता प्रश्न येतो: लेबलवर उत्पादक म्हणून अस्तित्वातच नसलेल्या कंपनीचं नाव आहे, तर औषध कशात मोडतं? 'लेबल खोटं' पाठ केलेला मिसब्रँडेडवर खूण करतो. उत्तर स्प्यूरिअस, कलम १७बी. रंगाचंही तेच. खराबी झाकायला रंग दिला तर मिसब्रँडेड, नियमांत नसलेला रंग वापरला तर अडल्टरेटेड. तिन्ही कलमं मिळून जेमतेम दीड पान होतं. एवढं वाचायला कोणाला वेळ नाही?

मात्रा
दीड पानाला वेळ आहे हो. पण तुम्ही दीड पान दाखवून पूर्ण ग्रंथ गळ्यात मारताय. कायदा आणि १९४५ चे नियम शेड्यूल्ससकट (परिशिष्टांसकट) हातात घेतले की मुलगा पहिल्या आठवड्यात डीटीएबीच्या (औषधांबाबतच्या तांत्रिक सल्लागार मंडळाच्या) सदस्यांत अडकतो, दुसऱ्यात आयातीच्या फॉर्मांत, आणि दुकानाच्या लायसन्सच्या अटींचा नियम ६५ येईपर्यंत त्याचा दम संपलेला असतो. कुठे थांबायचं हे मूळ कायदा सांगत नाही. ते प्रश्न सांगतात.

उलटा क्रम लावा. काहीही न वाचता २०० प्रश्न सोडवा. ऐंशी-नव्वद चुकतील, चुकू द्या. प्रत्येक चुकीपुढे नियम किंवा कलमाचा आकडा लिहा आणि तेवढाच नियम मुळातून वाचा. त्या चुका वीस-पंचवीस नियमांभोवतीच फिरताना दिसतील: ६४, ६५, ९७, शेड्यूल एच, एच१, एक्स, के, एन, कलम १८, २२, २३, २७. अभ्यासक्रमाचा नकाशा तुमच्याच चुकांनी काढलेला मिळतो.

कलम ४२
तुम्ही दोघं क्रमावर भांडताय. प्रश्नसंचाच्या वयाबद्दल कोणीच बोलत नाही. बाजारातले बरेच संच जुन्या संचांवरून उतरवलेले असतात, आणि कायदा मधल्या काळात पुढे सरकलाय. हे तपासून बघा:

किरकोळ विक्रीच्या लायसन्सचं 'दर पाच वर्षांनी नूतनीकरण' हे जुनं उत्तर. २०१७ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स चालूच राहतं, दर पाच वर्षांची रिटेन्शन फी (लायसन्स टिकवण्याची फी) मात्र मुदतीत भरावी लागते. 'क्लिनिकल ट्रायल म्हणजे शेड्यूल वाय' हेही जुनं. २०१९ पासून न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स आहेत. कॉस्मेटिक्सचे नियम २०२० मध्ये वेगळे झाले. गर्भपाताच्या कायद्यात '१२ आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, १२ ते २० ला दोन' असं उत्तर छापलेलं दिसलं तर तो संच २०२१ च्या आधीचा समजा. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं आणि ठरावीक गटातल्या स्त्रियांसाठी २० ते २४ ला दोघांचं लागतं. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा नाही, २०१९ चा. शिवाय २०२३ च्या जन विश्वास कायद्याने ज्या कायद्यांच्या शिक्षांना हात लावला त्यांत फार्मसी ॲक्टही आहे, त्यामुळे जुन्या गाइडमधले दंडाचे आकडे डोळे झाकून लिहू नका.

मात्रांच्या पद्धतीत मला हाच धोका वाटतो. चुकीच्या उत्तराशी ताडून बघितलं, तर बरोबर उत्तर 'चूक' म्हणून वहीत चढतं आणि तेच पक्कं होतं.

मात्रा
मान्य, पण हा दोष संचाचा आहे, पद्धतीचा नाही. म्हणूनच 'उत्तरसूचीशी ताडा' न म्हणता 'नियमाशी ताडा' म्हटलं. संच जुना असला तरी प्रश्न कुठून येतात ते तो सांगतोच.

काउंटर
मला दोन्ही बाजू पुस्तकी वाटतात. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षानंतर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग असतं. ते मन लावून केलं तर नियम ६५ वेगळा पाठ करावाच लागत नाही. एच१ चं (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या एका यादीचं) रजिस्टर रोज भरा, स्ट्रिपवरची लाल आरएक्स (Rx ही खूण) रोज बघा, कपाटाला कुलूप का ते विचारा. हातून गेलेलं विसरत नाही.

खलबत्ता
काउंटर, इथे जोरदार असहमत. दुकानात चालतं ते आणि नियमात लिहिलंय ते, यातल्या फटीवरच परीक्षक प्रश्न काढतो. काही नमुने देतो.

चिठ्ठीवर एक ब्रँड आहे, तो शिल्लक नाही, त्याच घटकाचा दुसरा द्यायचा का? काउंटरवर सर्रास दिला जातो. नियम ६५(११ए) म्हणतो, चिठ्ठीतल्या शेड्यूल एच किंवा एक्सच्या औषधाऐवजी दुसरं देता येणार नाही, घटक तोच असला तरी. ट्रेनिंगवर विसंबलेला इथे हमखास चुकतो.

एच१ रजिस्टरचे रकाने बघा. नियमात चार गोष्टी आहेत: डॉक्टरचं नाव आणि पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, दिलेलं प्रमाण. रुग्णाचा पत्ता त्यात नाही. दुकानातल्या छापील रजिस्टरमध्ये रुग्णाच्या पत्त्याचा आणि बॅच नंबरचा रकाना असू शकतो. तो भरला तर बिघडत काहीच नाही, पण 'खालीलपैकी काय बंधनकारक नाही' असा प्रश्न आला की हात थबकतो.

तिसरी गोष्ट दुकानाच्या पाटीची. औषध कंपाउंड न करणाऱ्या (चिठ्ठीप्रमाणे औषध बनवून न देणाऱ्या) दुकानावरही 'फार्मसी' अशी पाटी दिसते. नियम ६५(१५) प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टची गरज नसलेलं दुकान 'ड्रगस्टोअर', फार्मासिस्ट आहे पण कंपाउंडिंगची सोय नाही ते 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स', आणि फार्मासिस्टबरोबर कंपाउंडिंगचीही सोय असेल तरच 'फार्मसी' किंवा 'डिस्पेन्सिंग केमिस्ट'. रस्त्यावरच्या पाट्या बघून हे कळणार नाही.

काउंटर
पाटीचा मुद्दा पटला. पण लेबलांबाबत माझंच खरं. नियम ९७ कितीही वाचा, डोक्यात घोटाळा होतोच. शेड्यूल एचवर नुसतं आरएक्स, एच१ वर लाल आरएक्स, शेड्यूल एक्सवर लाल एक्सआरएक्स, एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थांच्या कायद्यात) येणाऱ्या औषधावर लाल एनआरएक्स. चार खोकी शेजारी ठेवून पाच मिनिटं बघितली की विषय मिटतो. शेड्यूल जीचा इशाराही तसाच. 'वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं' एवढंच तो सांगतो, 'चिठ्ठीशिवाय विकू नये' असं म्हणत नाही. जी आणि एचची गल्लत पुस्तकापेक्षा खोक्यावर पटकन सुटते.

खलबत्ता
खोकी बघायला हरकत नाही. बघून झाल्यावर नियम उघडा, एवढंच.

शीतपेटी
अजून एक खड्डा कोणी दाखवला नाही. कलमांचे आकडे एकमेकांवर आदळतात. वर लिहिणारे 'कलम ४२' नक्की कुठल्या कायद्यातले? फार्मसी ॲक्टचं ४२ म्हणजे नोंदणी नसलेल्याने औषध डिस्पेन्स करण्यावर बंदी. एनडीपीएसचं ४२ म्हणजे वॉरंटशिवाय झडती, जप्ती, अटक. नाव निवडताना जपून, साहेब.

२६ए बघा. ड्रग्ज ॲक्टमध्ये ते जनहितासाठी औषधावर बंदी घालायचा केंद्राचा अधिकार देतं, फार्मसी ॲक्टमध्ये राज्य कौन्सिलच्या इन्स्पेक्टरबद्दल आहे. कलम १० ड्रग्ज ॲक्टमध्ये आयातीवर निर्बंध, फार्मसी ॲक्टमध्ये एज्युकेशन रेग्युलेशन्स. कलम २७ ड्रग्ज ॲक्टमध्ये उत्पादन-विक्रीच्या गुन्ह्यांच्या शिक्षा, एनडीपीएसमध्ये अमली पदार्थाचं सेवन. घोकणारा 'कलम २७, शिक्षा' असं पाठ करतो आणि प्रश्नाच्या पहिल्या ओळीतलं कायद्याचं नाव वाचतच नाही.

यावर उपाय सोपा आहे. एका कोऱ्या कागदावर तीन उभे रकाने पाडा: ड्रग्ज ॲक्ट, फार्मसी ॲक्ट, एनडीपीएस. डावीकडे फक्त आदळणारे आकडे लिहा: १०, १२, १८, २६ए, २७, ४२. कागद रोज एकदा न बघता भरायचा. आठवडाभरात बसतं.

मात्रा
हा कागद मी चोरला. त्याला मुदतींचा चौथा रकाना जोडा, गोंधळ तिथेही तेवढाच. नियम ६५ खालची सर्वसाधारण रजिस्टरं शेवटच्या नोंदीपासून किमान २ वर्षं. शेड्यूल एक्सची चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानदाराने २ वर्षं ठेवायची. एच१ च्या नोंदी मात्र ३ वर्षं. साठा न हलवण्याचा इन्स्पेक्टरचा आदेश जास्तीत जास्त २० दिवस. सरकारी ॲनालिस्टच्या (नमुना तपासणाऱ्याच्या) अहवालाला आव्हान द्यायचं असेल तर प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी कळवायचं. २० आणि २८ ची अदलाबदल हा ठरलेला सापळा.

आणि 'नॉट लेस दॅन', 'नॉट एक्सीडिंग' या शब्दांखाली पेन्सिल ओढा. मराठीत नोट्स काढताना 'किमान' आणि 'कमाल' गळून पडतात, नुसता आकडा उरतो. खलबत्तांचा इंग्रजीचा आग्रह मला याच एका कारणासाठी पटतो.

तोळामासा
आकडेमोडीचं कोणी बोलेना. डीपीसीओवर (औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणाऱ्या आदेशावर) गणित येऊ शकतं आणि जुन्या गाइडांनी तिथे सर्वांत जास्त घोळ घातलाय. १९९५ च्या आदेशात उत्पादन खर्चावर एमएपीई (उत्पादनानंतरच्या खर्चाची कमाल टक्केवारी) मिळवून किंमत काढायचे. २०१३ च्या आदेशात बाजारातल्या किमतींवरून कमाल किंमत काढतात. ज्यांचा बाजारातला वाटा १ टक्का किंवा जास्त आहे, त्या ब्रँडांच्या प्राइस टू रिटेलरची (किरकोळ दुकानदाराला पडणाऱ्या किमतीची) साधी सरासरी घ्यायची आणि तीवर १६ टक्के मार्जिन चढवायचं.

समजा चार ब्रँड आहेत. प्राइस टू रिटेलर १८, २०, २५ आणि ४० रुपये, आणि चौथ्याचा वाटा ०.६ टक्के. चौथा गळला. ६३ भागिले ३ म्हणजे २१. त्यावर १६ टक्के म्हणजे ३.३६. कमाल किंमत २४.३६ रुपये. चूक दोन ठिकाणी होते: चौथा सरासरीत धरतात, नाहीतर 'सरासरी' शब्द दिसला की वाट्याप्रमाणे वजन देतात. साधी सरासरी म्हणजे साधीच. डीपीसीओच्या शेड्यूलबाहेरच्या औषधाला हे सूत्र नाही, त्याची किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही एवढाच लगाम.

कलम ४२
फार्मसी ॲक्टचा ४२, शीतपेटी. दुसऱ्याशी संबंध नाही!

वेळेचं सांगतो, कारण शेवटी भांडण त्याचंच आहे. ४५ दिवस, रोज दीड तास धरला तर साधारण ६७ तास. त्यातले निम्मे ड्रग्ज ॲक्ट आणि नियमांना द्या, दहा-बारा एनडीपीएसला, तेवढेच फार्मसी ॲक्ट आणि २०१५ च्या प्रॅक्टिस रेग्युलेशन्सना मिळून. उरलेल्यात डीपीसीओ, जाहिरातींचा १९५४ चा कायदा आणि बाकी किरकोळ. ड्रग स्टोअर मॅनेजमेंटचा वेळ वेगळा काढा, तो यात धरलेला नाही.

मात्रा
एनडीपीएसला दहा-बारा तास फार झाले. स्मॉल आणि कमर्शिअल क्वांटिटीचा (शिक्षा ठरवणाऱ्या वजनांचा) तक्ता आणि २०१४ च्या दुरुस्तीतलं इसेन्शिअल नार्कोटिक ड्रग्जचं प्रकरण, एवढं पाच तासांत होतं. हेरॉइन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, गांजा १ किलो आणि २० किलो, चरस १०० ग्रॅम आणि १ किलो, अफू २५ ग्रॅम आणि अडीच किलो. इसेन्शिअल सहा: मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन. राहिलेले तास नियम ६५ ला द्या.

कलम ४२
तक्ता पाच तासांत होईल. पण गांजा आणि चरस एकाच झाडाचे असून आकडे वेगळे का, हे समजून न घेता पाठ केलं तर परीक्षेच्या दिवशी दोन्ही उलटे लिहिले जातात. चरस म्हणजे राळ, अर्क. म्हणून कमी वजनातच तो कमर्शिअलमध्ये जातो. हे कळायलाच जास्तीचे तास लागतात.

शीतपेटी
नमुना घेण्याचं राहिलं. कलम २३ मध्ये इन्स्पेक्टर नमुन्याचे भाग किती करतो? संचात बहुतेकदा 'चार' एवढंच असतं. नमुना उत्पादकाच्याच जागेत घेतला तर तीन. चौथा भाग, औषध कोणाकडून आलं म्हणून कलम १८ए खाली ज्याचं नाव सांगितलं जातं त्याच्यासाठी असतो. उत्पादकाकडे नमुना घेताना असा मागचा माणूसच नसतो, म्हणून एक भाग कमी.

मात्रा
हे माहीत नव्हतं. चुकांच्या वहीत 'चार' लिहिलेलं होतं, आत्ता खोडलं.

खलबत्ता
वहीत शेजारी २३(३) पण लिहा.