मिनीआपोलिस: होल फूड्स की को-ऑप? (महिना ४०० डॉलर)

मुक्काम_पोस्ट_बर्फ:
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये नाशिकहून मिनीआपोलिसला आलो. आम्ही दोघं आणि तीन वर्षांची लेक. दूध, भाजी, फळं, ब्रेड मिळून महिना ४०० डॉलरच्या आत बसवायचंय. डाळी, पोहे, पीठ यांचं इंडियन स्टोअर वेगळं धरलंय, ते यात नाही. गाडी एकच, ती नवरा नेतो, आणि माझं लायसन्स अजून व्हायचंय. घरापासून चालत सात मिनिटांवर एक को-ऑप आहे. होल फूड्सला (सेंद्रिय मालाचं ते मोठं सुपरमार्केट) जायला एक बस बदलावी लागते. को-ऑपच्या दारावर लिहिलंय की हे दुकान सभासदांच्या मालकीचं आहे, त्यामुळे आत पाय टाकायचं धाडस झालं नाही. मेंबर नसताना घेतात का आत? फार महाग असतं का? आमच्याकडे सगळ्यात जास्त दूध आणि भाजीच लागते.

केल_खाणारा_कोकण्या:
डोळे मिटून होल फूड्स. २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉननं घेतल्यापासून त्यांच्या प्राइम मेंबरशिपवाल्यांना सेलच्या मालावर आणखी १० टक्के सूट असते. आम्ही मासे, बेरी, बदामाचं दूध सगळं तिथूनच आणतो. चौघांचे महिना १३०० होतात, पण खाण्यात काटकसर मला पटत नाही.

डब्बल_डोअर_फ्रीज:
कॉस्टको, घाऊक मालाचं दुकान. विषय संपला.

मुक्काम_पोस्ट_बर्फ:
काका, चालत जाता येईल असं हवंय.

डब्बल_डोअर_फ्रीज:
एकदा गाडी घेऊन जा, महिन्याचं भरा. आम्ही २००९ पासून तेच करतो. गॅरेजमध्ये दुसरा फ्रीज टाकलाय.

सीवर्डची_सून:
बिनधास्त आत जा गं. इथली को-ऑप सगळ्यांसाठी उघडी असतात, कार्ड कुणी विचारत नाही. मेंबर व्हायचं तर एकदाच शेअर घ्यायचा, साधारण शंभर डॉलरच्या आतबाहेर, आणि तो हप्त्यानंही भरता येतो. दरवर्षीची फी नाही. नफा झाला तर तुझ्या खरेदीच्या प्रमाणात थोडे परत मिळतात. त्यावर घर बांधायला जाऊ नकोस, मला एका वर्षी अकरा डॉलर आले होते. काही ठिकाणी कमी उत्पन्नवाल्यांना वेगळी सूट असते, ती काउंटरवर विचार, लाजू नकोस. आणि महागाचं म्हणशील तर पाकीटबंद माल महाग, पण बल्कच्या डब्यांतला माल (सुटा, हवा तेवढाच भरून घ्यायचा) आणि सीझनची भाजी परवडते. दालचिनी, मिरी तिथे दोन चमचे घेता येते, बाटली घ्यावी लागत नाही.

पार्कस्लोप_रिटर्न्ड:
मेंबर नसाल तर आत घेत नाहीत. आम्ही ब्रुकलिनला होतो तेव्हा दर महिन्याला पावणेतीन तास कामही करावं लागायचं. मी चीजचे तुकडे पॅक केलेत, एम.टेक. असून.

सीवर्डची_सून:
ते पार्क स्लोपचं को-ऑप, त्यांची तऱ्हाच वेगळी. इथे तसं नाही. वर लिहिलंय मी.

इतिहासाचा_तास:
मिनीआपोलिसची को-ऑप हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. सीवर्ड को-ऑप १९७२ चं, वेज (Wedge) को-ऑप १९७४ चं. आणि १९७५ मध्ये इथे चक्क 'को-ऑप वॉर' झालं होतं. एका मार्क्सवादी गटाचं म्हणणं, ब्राऊन राइस आणि सेंद्रिय गाजरं हे शिकलेल्या पोरांचे चोचले आहेत, कामगाराला परवडणारे डबाबंद पदार्थ, साखर, मैदा ठेवा. दुसऱ्यांना ते मान्य नाही. शेवटी त्या गटानं हातात लोखंडी नळ्या घेऊन को-ऑपच्या सामायिक गोदामाचा ताबा घेतला. मैद्यावरून! आपल्याकडे साखर कारखान्याच्या निवडणुकीत होतं त्याहून हे फार वेगळं नाही.

केल_खाणारा_कोकण्या:
साखर कारखान्याचा इथे काय संबंध?

इतिहासाचा_तास:
सहकार आहे साहेब. सभासद, शेअर, संचालक मंडळ, वार्षिक सभा. सगळं तेच.

कीड_लागली_हो:
बल्कच्या डब्यांपासून लांब राहा. दुसऱ्या राज्यात असताना एका को-ऑपमधून (नाव घेत नाही) चण्याचं पीठ आणलं होतं. लाडवासाठी भाजायला घेतलं तर कढईत हालचाल. तुपासकट फेकलं. पाव किलो तूप हो!

डब्बल_डोअर_फ्रीज:
म्हणून कॉस्टको. सीलबंद.

ट्रकवाला_नाही_पण:
माझं काम सप्लाय चेनमध्ये आहे म्हणून सांगतो. होल फूड्सचा मोठा पुरवठादार यूएनएफआय, आणि देशभरातल्या बऱ्याच को-ऑपनाही तोच माल पुरवतो. जून २०२५ मध्ये यूएनएफआयवर सायबर हल्ला झाला, तेव्हा दोन्हीकडच्या फळ्या रिकाम्या पडल्या होत्या. म्हणजे डबे, पाकिटं, सीरियल यात डावं-उजवं करू नका, जिथे स्वस्त तिथे घ्या. फरक पडतो तो जवळच्या शेतावरून येणाऱ्या मालात: दूध, अंडी, उन्हाळ्यातली भाजी.
आणखी एक. पाकिटावर 'नॅचरल' लिहिलंय म्हणून दोन डॉलर जास्त देऊ नका. त्या शब्दाला एफडीएची (इथल्या अन्न-औषध प्रशासनाची) पक्की व्याख्या नाही. कृषी खात्याच्या 'यूएसडीए ऑरगॅनिक' या गोल शिक्क्याला मात्र निदान ९५ टक्के घटक सेंद्रिय असण्याचा नियम आहे. फळांच्या स्टिकरवर ९ नं सुरू होणारा पाच आकडी नंबर म्हणजे सेंद्रिय. साधं केळं ४०११, सेंद्रिय ९४०११.

मुक्काम_पोस्ट_बर्फ:
हे फार उपयोगी. धन्यवाद! दुधाचं कुणी सांगेल का? इथल्या कार्टनमधल्या दुधाला साय येत नाही आणि माझं विरजण दोनदा फसलंय.

केल_खाणारा_कोकण्या:
बदामाचं घ्या.

दही_एक्स्पर्ट:
कार्टनवर 'अल्ट्रा पाश्चराइज्ड' (खूप जास्त तापवलेलं) लिहिलंय का ते बघा, असलं तर घेऊ नका. बरीचशी सेंद्रिय कार्टन तशी असतात, म्हणूनच महिनाभर टिकतात. त्याचं दही लागतच नाही.

सीवर्डची_सून:
लागतं की. मी लावते. पनीर मात्र धड होत नाही, भुगा पडतो. दही लागत नाही ते थंडीमुळे. ओव्हनचा नुसता दिवा लावून भांडं रात्रभर आत ठेव.

दही_एक्स्पर्ट:
दिव्यानं काही होत नाही. वीस वर्षं झाली मला इथे.

सीवर्डची_सून:
मला तेवीस. बरं, मूळ मुद्दा: को-ऑपमध्ये काचेच्या बाटलीतलं नॉन-होमोजिनाइज्ड (साय वर येणारं) दूध बघ. बाटलीचं डिपॉझिट वेगळं घेतात, परत केली की पैसे परत.

दादरची_लेक:
वाचून आईची ग्राहक पंचायत आठवली. महिन्याची यादी भरायची, पैसे आधी द्यायचे, मग एका घरात पोती उतरायची आणि संघातल्या बायका वाटप करायच्या. आमचं घर असलं की हॉलमध्ये गूळ, रवा, साबण यांचा एकच वास. पुढे आठवडाभर तो गादीलाही यायचा. पण तुझं बजेट किती आहे ते सांगितलं नाहीस.

मुक्काम_पोस्ट_बर्फ:
शीर्षकात आहे :)

डब्बल_डोअर_फ्रीज:
४०० मध्ये फक्त कॉस्टको.

ट्रकवाला_नाही_पण:
मलाही तसंच वाटतं. को-ऑप आवडत असलं तरी तिघांचं ४०० मध्ये अवघड आहे. अल्डी बघा, स्वस्तातलं सुपरमार्केट आहे.

सीवर्डची_सून:
हो, सगळं को-ऑपमधून नको करू. मीही नाही करत. मुख्य खरेदी अल्डी, वरचं को-ऑप.

*(पाच आठवड्यांनी)*

मुक्काम_पोस्ट_बर्फ:
अपडेट. सगळ्यांचं ऐकलं आणि को-ऑपचा शेअर घेतला, हप्त्यानं. आता जवळजवळ सगळं तिथूनच आणते. पहिल्याच दिवशी पचका झाला. घरची बरणी नेली आणि रिकामी न तोलताच ओट्स भरले. काउंटरवरच्या मुलीनं सगळे ओट्स कागदी पिशवीत ओतले, बरणी तोलली, झाकणावर मार्करनं वजन लिहिलं आणि ओट्स परत भरून दिले. मागे पाच जण उभे, कुणी हूं की चूं केलं नाही.
बाटलीतल्या दुधाला बोटभर साय येते. दोन आठवड्यांच्या सायीचं वाटीभर तूप निघालं. दही दिव्यावर लागतं, एक्स्पर्ट, सॉरी.
महिन्याचे ४३८ झाले. नवऱ्याला ४२० सांगितलेत.

केल_खाणारा_कोकण्या:
होल फूड्सला एकदा तरी जाऊन यायचं होतं.

डब्बल_डोअर_फ्रीज:
रविवारी सकाळी कॉस्टकोला चाललोय. तुमच्या बाजूनंच जातो. कांदे, बटाटे आणायचे का?

मुक्काम_पोस्ट_बर्फ:
कांदे आणा काका. दहा पौंड.