मदत हवी आहे : भुताच्या फार्साचे प्रयोगहक्क कोणाकडे मागावेत?
एका दिवंगत नाटककाराचा, विस्मरणात गेलेला दोन अंकी भुताचा फार्स आमच्या हौशी नाट्यसंस्थेला तिकीट लावून करायचा आहे. लेखकाच्या निधनाला ६० वर्षे झालेली नसल्याने प्रताधिकार कायम आहे. परंतु प्रयोगाच्या परवानगीसाठी पुस्तकात ज्या प्रकाशकाचा पत्ता दिला आहे, तिथे पाठवलेले पत्र ‘पत्त्यावर राहत नाहीत’ अशा शेऱ्यासह परत आले. फार्स पूर्वी करणाऱ्या कलावंतांकडे विचारले असता वारस परगावी असल्याचे तेवढे कळले. मानधन देण्याची तयारी आहे, संहितेला हात लावायचा नाही (भुताने स्वतःच्याच तेराव्याचे जेवण मागण्याचा प्रवेश तर जसाच्या तसा हवा), मात्र तोंडी होकारावर प्रयोग लावणे आम्हाला योग्य वाटत नाही. अशा वेळी परिनिरीक्षण मंडळाच्या (नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी मंडळाच्या) जुन्या नोंदींतून हक्कधारकाचा माग लागू शकतो का, आणि त्यासाठी अर्ज कसा करावा?