डेटा सेंटरचे वीजतज्ज्ञ "विकले गेलेत" म्हणणाऱ्यांसाठी

रंकाळाकाठ
काल आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती. नवी मुंबईतली डेटा सेंटरं, म्हणजे इंटरनेटचे संगणक (सर्व्हर) ठेवलेल्या इमारती, महाराष्ट्राची वीज गिळताहेत, आणि संगणकांची वीज वाचवण्यावर काम करणारे जे तज्ज्ञ "घाबरू नका" म्हणतात ते सगळे कंपन्यांचे पगारी भाट आहेत, असा तिचा सूर. खाली अंगठ्यांची रांग. एकानेही विचारलं नाही की हे तज्ज्ञ कोण आणि त्यांनी केलंय काय.

१९९९ मध्ये 'फोर्ब्स'ने छापलं होतं की इंटरनेट अमेरिकेची ८ टक्के वीज खातंय आणि दहा वर्षांत निम्मी खाईल. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या जोनाथन कूमी आणि सहकाऱ्यांनी त्यातला एकेक आकडा तपासला, तेव्हा दावा कितीतरी पटींनी फुगवलेला निघाला. पुढे २०२० मध्ये मसानेट, शेहाबी, कूमी या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की २०१० ते २०१८ या काळात जगभरातल्या डेटा सेंटरांचं काम साडेसहा पट झालं आणि वीज वाढली ६ टक्के. आणि आता? त्याच शेहाबींच्या नेतृत्वाखालचा २०२४ चा अहवाल सांगतो की अमेरिकेतली डेटा सेंटरं २०१४ मध्ये ५८ अब्ज युनिट घेत होती, २०२३ मध्ये १७६ अब्ज. म्हणजे देशाच्या विजेच्या ४.४ टक्के. विकला गेलेला माणूस हे छापेल? आकडे कमी होते तेव्हा कमी सांगितले, वाढले तेव्हा वाढले म्हणून सांगितले. मला या लोकांबद्दल आदर आहे, आणि ती पोस्ट वाचून संताप आला म्हणून हे लिहितोय.

भट्टीवाला
शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, विजेचं बिल मीच भरतो, म्हणून बोलतो. तज्ज्ञ प्रामाणिक असतील, पण त्यांचा धंदाच "कार्यक्षमता वाढवा" सांगण्याचा. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच कोळशाबद्दल लिहून ठेवलंय, इंजिन काटकसरी झालं की कोळसा जास्त जळतो. आम्ही नवी इंडक्शन भट्टी घेतली. टनामागे युनिट खरंच कमी झाले. मग परवडतंय म्हणून जास्त ऑर्डरी घेतल्या आणि महिन्याचं बिल वाढलं. तुमचा ५८ वरून १७६ चा आकडा नेमका हेच सांगतोय.

आणि राज्याच्या आयटी धोरणात डेटा सेंटरला वीज शुल्कात माफी. आम्ही इथे हजारो पोरांना काम देतो, तर आमच्या नशिबी शेजारच्या कर्नाटकापेक्षा महाग वीज. याच्यावर कुठला तज्ज्ञ लिहितो?

सर्व्हरसखा
दर बाजूला ठेवा. ज्या पीयूईच्या आकड्यावर कंपन्या मिरवतात तो अर्धवट आहे. इमारतीत येणाऱ्या विजेपैकी यंत्रांपर्यंत किती पोचते एवढंच तो सांगतो. पुढे यंत्र काम करतंय की नुसतं बसलंय, याच्याशी त्याला घेणं नाही. पाण्याची वाफ करून थंडावा केला की पीयूई सुधारतो, ते पाणी मात्र त्यात दिसत नाही. बारोसो आणि होल्झ्ले गूगलमध्येच होते, आणि त्यांनी २००७ मध्ये लिहिलं की रिकामा सर्व्हरही पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज ओढतो.

मी पूर्वी जिथे होतो तिथे काही सर्व्हर कुणाचे हे कुणालाच माहीत नव्हतं. बंद केले. एकाचाही फोन आला नाही. वर्षानुवर्षं ते एसीसकट चालू होते, तेही १८ अंशांवर. २७ पर्यंत चालतं असं ॲशरे ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था सांगते, पण साहेबांनी हात लावू दिला नाही.

शिरोळकर
काय बोलालाय तुम्ही सगळे. सर्व्हरला चोवीस तास लाईट. आमच्यात थ्री फेज आठ तास, तीबी एक आठवडा दिवसा आन् एक आठवडा रातची. रातच्या बाराला लाईट येत्या, तवा उसाच्या सरीत बॅटरी घेऊन कोण उतरतंय? तुमचे तज्ज्ञ?

भट्टीवाला
दादा, ७.५ एचपीपर्यंत पंपाची वीज २०२४ पासून माफ आहे. तो पैसा सरकार भरतं, म्हणजे आम्हीच भरतो. मोजमाप नाही, बिल नाही, मग पाणी बांधावरून वाहिलं तरी मोटर कोण बंद करतंय?

शिरोळकर
फुकट म्हणू नका! नदीवरच्या लिफ्ट इरिगेशनच्या संस्थेला आम्ही पाणीपट्टी मोजून भरतोय. २०१९ च्या पुरात नदीकाठच्या मोटरी गाळात गेल्या, रिवायंडिंगचं पैसं कुणी दिलं? एसीत बसून पाण्याचा हिशोब मागू नका.

करवीरची लेक
भट्टीवाले दादा, मोटर बंद का होत नाही ते मी सांगते. आमचे आबा रात्री जायचे. एकदा बांधावर समोर गवा उभा. त्यानंतर आईने हट्टाने ऑटो स्विच बसवून घेतला, लाईट आली की पंप आपोआप सुरू. गावात सगळ्यांचंच तसं आहे, त्यामुळे सगळे पंप एकदम उठतात, भार पडतो, ट्रान्सफॉर्मर जळतो, मग आठवडाभर कुणालाच पाणी नाही. मोटर पुन्हा पुन्हा गुंडाळली की तीही जास्त वीज खाते. यात शेतकऱ्याचा माज कुठे दिसला तुम्हाला?

भट्टीवाला
माज हा शब्द मी वापरलेला नाही, माझ्या तोंडी घालू नका. ऑटो स्विचचं कारण पटलं. पण मीटर नसेल तर खरं नुकसान किती, हे कधीच कळणार नाही. एवढंच म्हणतोय.

रंकाळाकाठ
धागा कुठल्या कुठे गेला, पण हा मुद्दा मला सोडवत नाही. रात्रीवर ढकलता येईल असा भार कुणाचा आहे? बॅकअप, व्हिडिओचं रूपांतर, एआय मॉडेलचं प्रशिक्षण या कामांना घड्याळ नसतं. गूगलने २०२० मध्येच तातडीची नसलेली कामं स्वच्छ वीज असेल त्या वेळेकडे सरकवायला सुरुवात केली. यंत्राला रात्र-दिवस सारखाच, माणसाला नाही. आपण मात्र शेतकऱ्यालाच जागवतो. दिवसा सौर फीडर (सौर विजेवरची वेगळी लाईन) शेतीला आणि थांबू शकणारी कामं उरलेल्या वेळी, हे गणित मांडायला तेच "विकले गेलेले" तज्ज्ञ लागतात.

सर्व्हरसखा
बँकेचा व्यवहार किंवा दवाखान्याचं काम थांबत नाही, तेव्हा फार हुरळून जाऊ नका. काही भाग सरकेल, सगळा नाही.

भट्टीवाला
मला विचाराल तर वीज शुल्काची माफी अटीवर द्या. प्रत्येक डेटा सेंटरने वर्षाची वीज आणि पाणी जाहीर करायचं, कंपनीची सरासरी चालणार नाही. आकडे नाहीत तर माफी नाही. तुमचे तज्ज्ञ ही मागणी करणार असतील तर पहिली सही माझी.

शिरोळकर
आन् ट्रान्सफॉर्मरवर मीटर बसवा, माझी हरकत न्हाई. पर आदी दिवसाची लाईट द्या. मीटर नंतर.